सावधान

वैशाखात आमच्या घनसावंगी तालुक्यात लग्नांची एकच दाटी होते. एका तिथीला तीन-तीन मांडवांत हजेरी लावावी लागते. पौरोहित्य हे आमचे काम नव्हे, आम्ही कीर्तनकार; पण चार गावांत वडीलधारे म्हणून अक्षता टाकायला बोलावणे येते आणि जावे लागते. अशाच एका मांडवात उभे होतो. गुरुजींनी मंगलाष्टक म्हणून खणखणीत आवाजात ‘सावधान’ म्हटले. सहज नजर फिरली. नवरदेव फोटोवाल्याकडे पाहत होता. नवरीची मावशी पंगतीला किती पाने लागतील ते बोटांवर मोजीत होती. तरुण मंडळींच्या माना मोबाईलवर वाकलेल्या. एक बँडवाला तेवढा शेवटच्या ‘सावधान’ची वाट पाहत टिपरू उगारून उभा होता, साऱ्या मांडवात तो एकटाच काय तो सावधान! एवढे मनात येते न येते तोच ध्यानात आले, की आमच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या आहेत. आम्ही रात्रीच्या कीर्तनाचा पूर्वरंग मनात जुळवीत होतो.

सज्जनहो, हा शब्द आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकला आहे की तो आता ऐकूच येत नाही. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करू. ‘सावधान’ म्हणजे अवधानासह. ‘अवधान’ या शब्दात ‘अव’ हा उपसर्ग आणि ‘धा’ हा धातू आहे. ‘अव’ म्हणजे खाली, ‘धा’ म्हणजे ठेवणे. पाखरासारखे भिरभिरणारे मन खाली उतरवून समोरच्या वस्तूवर ठेवणे, हे अवधान. धातुपाठात या धातूचे अर्थ धारण आणि पोषण असे दिले आहेत, तेही ध्यानात धरण्यासारखे आहे. जिथे मन ठेवाल ते पोसले जाते. याच धातूपासून ‘समाधान’ हा शब्द झाला. अवधान आणि समाधान या सख्ख्या बहिणी. आणि अवधानाच्या आड जे येते त्याला आपण ‘व्यवधान’ म्हणतो, तेही त्याच घरातले. आमचे गुरुजी पाठशाळेत सांगत, व्याकरण हा कोरडा विषय नाही रे, त्यात संसार भरलेला आहे. तेव्हा आम्हांला ते पटत नसे.

आता हा शब्द आमच्या भागाला विशेष जवळचा का, तेही सांगितले पाहिजे. जालना जिल्ह्यातले जांब हे गाव, आज ज्याला जांब समर्थ म्हणतात, ते समर्थ रामदासांचे जन्मस्थान. शके १५३० म्हणजे इसवी सन १६०८ मध्ये रामनवमीला त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी जांबेजवळच्या आसनगावी त्यांचे लग्न उभे राहिले, आणि गुरुजींनी ‘सावधान’ म्हणताच नारायण अंतरपाटाजवळून निघून गेला, अशी परंपरेची कथा आहे. समर्थांचा संप्रदाय निराळा, आमचा वारकऱ्यांचा निराळा. पण त्यांच्या गावचे पाणी आम्ही प्यालो आहोत, तेव्हा त्यांचे नाव घेताना संकोच कसला? त्या मांडवात शेकडो माणसे असतील. शब्द सर्वांच्या कानांवर पडला, ऐकला तो एकाने. पुढे दासबोधाच्या अकराव्या दशकात त्यांनी हरिकथेनंतर राजकारण आणि त्यानंतर सर्व बाबतींतले सावधपण सांगितले, आणि एका समासात तर अक्षर कसे काढावे, ओळ कशी सरळ ठेवावी, ग्रंथाचे पहिले आणि शेवटचे अक्षर एकसारखे कसे राहावे, हेसुद्धा सांगितले. म्हणजे सावधपण हे मांडव सोडून पळण्यापुरतेच नाही. बोरू धरण्यातही ते आहे.

ज्ञानोबारायांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले तेही अवधानच. एकदा अवधान द्या, मग सर्व सुखाला पात्र व्हाल, असे त्यांनी तेथे प्रतिज्ञेने सांगितले आहे. येथे शंका येईल की एवढे मोठे सुख, आणि त्याची किंमत नुसते लक्ष? यज्ञ नको, दान नको? आमच्यासारख्यांनी या जागेवर पुष्कळ कीर्तने केली, दृष्टांत दिले, टाळ्या घेतल्या. परंतु या जागेचा अर्थ आम्हांला कीर्तनात कळला नाही, घरात कळला, आणि तोही फार महागात. ती गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण न सांगावी तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

सन २०१९ चा चातुर्मास. पावसाने ओढ दिलेली, पण सप्ताह जागोजाग चालू. अंबड, परतूर, मंठा, कुठे कुठे जायचे याची वहीच भरली होती. एके दिवशी ओट्यावर बसून हीच नवव्या अध्यायातली जागा उद्याच्या कीर्तनासाठी आम्ही तयार करीत होतो. घरातली मंडळी, म्हणजे आमचे कुटुंब, जोंधळे निवडता निवडता म्हणाली, “अहो, डाव्या अंगाचं मला दिसंना झालंय की काय. दाराची चौकट सारखी लागते.” आम्ही ‘हं’ म्हटले. पंधरा दिवसांनी पुन्हा म्हणाली, आम्ही म्हटले, “पाहू, सप्ताह होऊ दे.” तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा काय उत्तर दिले ते आम्हांला आठवतसुद्धा नाही. तिला आठवते. पण ती सांगत नाही.

दिवाळीनंतर तिचा पाय उंबऱ्याला अडखळला आणि ती पडली. तेव्हा तिला आधी जालन्याला व मग संभाजीनगरला नेले. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी कागदावर डोळ्याचे चित्र काढून समजावले, की डोळ्याच्या आतल्या द्रवाचा दाब वाढतो, त्याने मागची नस हळूहळू वाळत जाते, दृष्टी कडेकडून आत मिटत येते. बहुधा दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली मात्र थेंबांनी राखता येते. डाव्या डोळ्याचे बहुतेक गेले होते. उजव्याचे बरेचसे वाचले. डॉक्टरांनी विचारले, “आधी काही सांगितलं नाही का यांनी?” तिने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाली, “माझ्याच ध्यानात आलं नाही.”

(वाचकांनी कृपा करून एवढे करावे. चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असेल तर, डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. तपासणी थोड्या वेळाची असते.)

बृहदारण्यक उपनिषदात, पहिल्या अध्यायात, मनाविषयी सांगताना ऋषी म्हणतात की माणूस म्हणतो, माझे मन दुसरीकडे होते म्हणून मला दिसले नाही, मन दुसरीकडे होते म्हणून मी ऐकले नाही. कारण पाहणे आणि ऐकणे हे मनानेच होते. हा भाग आम्ही सोळाव्या वर्षी पाठ केला होता. पन्नास वर्षांनंतर त्याचा अर्थ संभाजीनगरच्या एका दवाखान्यातल्या बाकावर कळला. डोळा तिचा गेला, पण आधी कान आमचा गेला होता.

आता कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही भगवंताच्या चिंतनात होता, त्यात दोष कसला? असे आम्हांला सांत्वनासाठी पुष्कळांनी सांगितले. आम्हीही काही दिवस ते मानले. मग परतूर तालुक्यातल्या एका गावी गोरोबाकाकांचे आख्यान लावले होते. तेरचे गोरोबाकाका नामात तल्लीन होऊन माती तुडवीत आहेत, रांगते मूल चिखलात आले आणि पायाखाली गेले, त्यांना भान नाही. पुढे पांडुरंगाने मूल परत दिले. ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. त्या दिवशी कीर्तन संपल्यावर एक आजी पाया पडायला आल्या आणि म्हणाल्या, “बुवा, लेकराची माय त्याच्या भरवशावर पाण्याला गेली होती की. त्यानं बघाय नको व्हतं?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. जवळच्या मंडळींनी आजींना दटावले. आम्ही त्यांना थांबवले.

या प्रश्नावर आम्ही बराच काळ विचार केला. कालिदासाने शाकुंतलाच्या चौथ्या अंकात हाच पेच मांडला आहे. शकुंतलेचे मन दुष्यंताकडे लागलेले, दारात अतिथी येऊन हाक मारतो, तिला ऐकू येत नाही, आणि शाप बसतो. तिचे प्रेम खोटे होते काय? मुळीच नाही. पण दारात कोण उभे आहे हे प्रेमाने पाहिले नाही. म्हणजे एका वस्तूत बुडून जाणे हे अवधान खरे, पण पुरे नव्हे.

उत्तर सापडले ते नामदेवरायांजवळ. शिखांच्या गुरुग्रंथात नामदेवरायांची साठावर पदे आहेत. त्यांतल्या एका पदात ते दृष्टांत देतात. पोर कागदाचा पतंग उडवते, सोबत्यांशी गप्पा मारते, पण चित्त दोरीत. बायका पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन हसत-बोलत येतात, चित्त घागरीत. गाय कोसावर चरते, चित्त वासरात. आणि आई घरात-बाहेर कामे करीत असते, बाळ पाळण्यात निजलेले, चित्त बाळात. पाहा, या चौघांपैकी कोणीही काम सोडलेले नाही. कोणाचे तोंड बंद नाही, कान बंद नाही. आतून एक दोरी ताणलेली आहे, एवढेच. त्याच ग्रंथात कबीरांच्या वचनांत एक प्रसंग येतो. त्रिलोचन नामदेवांना विचारतात, कापड छापीत काय बसलास, देवाकडे चित्त का लावीत नाहीस? नामदेव सांगतात, हातपाय काम करोत, चित्त त्याच्यापाशी आहे.

वारकऱ्यांची रीत हीच आहे. सावतोबा मळा सोडून गेले नाहीत, जनाबाईंनी जाते सोडले नाही. गोरोबाकाकांची ती अवस्था होती. अवस्था ओढून आणता येत नाही आणि तिचे अनुकरणही करता येत नाही. आमची अवस्था नव्हती, आमचे ते निमित्त होते. ओट्यावर बसलो होतो तेव्हा आमचे चित्त पांडुरंगाजवळ असते तर हाक ऐकू आली असती. ते होते उद्याच्या कीर्तनात, श्रोते कुठे हसतील, कुठे डोळे पुसतील, यात.

मन सुटते याचे नवल नाही. ते वाऱ्यासारखे धरता येत नाही ही तक्रार अर्जुनाने गीतेच्या सहाव्या अध्यायात केलीच आहे. भगवंताने ती खोटी ठरवली नाही, खरीच आहे म्हणाले, आणि अभ्यास व वैराग्य सांगितले. त्याच अध्यायात थोडे आधी, मन जेथे जेथे निसटेल तेथून तेथून परत आणावे असे आहे. परत आणावे, एवढेच. बडवावे असे म्हटलेले नाही. घनसावंगीच्या शेतकऱ्याला हे निराळे शिकवायला नको. बैल धुऱ्याच्या हिरव्याकडे ओढतो, तो कासरा नुसता जरासा खेचतो आणि तासावर आणतो, दिवसातून शंभर वेळा.

शेतकऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा पुष्कळ. २०१२-१३ च्या दुष्काळात त्या डोळ्यांदेखत वाळल्या. टँकरने पाणी घालून लोकांनी झाडे जगवायचा प्रयत्न केला, काहींची जगली, पुष्कळांची कुऱ्हाडीखाली गेली. तेव्हापासून एका गृहस्थांचे मन दोनच ठिकाणी असे. एक त्या दुष्काळात, एक पुढच्या भावात. आम्हांला म्हणाले, “महाराज, काळजी करू नका म्हणून सांगू नका. काळजी नाही केली तर खायचं काय?” त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि ‘चिंता सोडा’ असे फुकटचे सांगणारे आम्हीही व्यासपीठावर पुष्कळ आहोत. पण त्यांच्याच मुलाने सांगितले, की बाबा बागेत फिरताना फोनवर भाव विचारीत असतात, आणि पानांवर पिवळेपणा आलेला आधी मी पाहिला. अवधान काळजीच्या विरुद्ध नाही. ज्या काळजीला आज हात घालता येतो ती समोर आणून ठेवते, बाकीची थोडी थांबवते. आणि बागेत बहार फुटतो तेव्हा जो सुगंध सुटतो तो भाव पडला तरी सुटतोच. बागेच्या मालकाने तो घेतला नाही तर कोणी घ्यायचा?

काम आणि आनंद यांचा संबंध नाथमहाराजांच्या एका कथेत फार चांगला आला आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना नाथांकडे हिशेबाचे काम होते. एकदा जमाखर्चात थोडकी चूक लागेना. कोणी पै म्हणतात, कोणी दमडी. नाथ रात्रभर दिव्याशी बसले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, विचारले, आणि म्हणाले, एका पैच्या चुकीने एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा! कीर्तनात आपण येथे लगेच पुढे जातो, संसाराच्या चुकीकडे. आम्हांला आता वाटते, जरा त्या टाळीजवळ थांबावे. तो आनंद पैचा नव्हता. पै काय, स्वामींच्या कोठारात पुष्कळ होत्या. रात्रभर मन एका जागी राहिले, त्या राहण्याचा तो आनंद होता, आणि तो जमाखर्चाच्या वहीत मिळाला, गुहेत नव्हे. याच नाथांनी पुढे शके १५०६ मध्ये पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हिशेब तपासलेला तो डोळा तिथे कामी आला असला पाहिजे.

आणि आज त्याच ज्ञानेश्वरीचे पारायण आपण कसे करतो? सुमारे ९००० ओव्या सात दिवसांत संपवायच्या, म्हणून वाचणाऱ्यांची शर्यत लागते. डोळा ओळीवर, मन चहा आला का याच्याकडे. पारायण करू नका असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण रोजच्या वाचनात एक तरी ओवी अशी असावी की तिथे थांबलो होतो असे संध्याकाळी सांगता यावे.

पुण्याला नोकरीला असलेला आमचा पुतण्या मागे आला होता. म्हणाला, “काका, आमच्या कंपनीत ‘माइंडफुलनेस’चा वर्ग लावलाय.” काय करता म्हणून विचारले, तर म्हणाला, पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक मनुका दिली आणि ती पाहून, हुंगून, सावकाश चावून खायला सांगितली. आम्हांला हसू आले. त्याने सांगितले, की १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात एका गृहस्थांनी दुखणाइतांसाठी आठ आठवड्यांचा असा अभ्यासक्रम सुरू केला आणि तो जगभर गेला. मूळ बौद्धांचे, पाली भाषेत ‘सति’ म्हणतात, म्हणजे आपली ‘स्मृती’. आपल्याकडे इगतपुरीला विपश्यनेचे केंद्र १९७६ पासून आहेच, आणि अजिंठ्याची लेणी आमच्या भोकरदनच्या पलीकडेच. तेव्हा हसण्यासारखे काही नव्हते. आमचे कुटुंब मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, “मनुकेचं राहू दे बाळा, तुझ्या काकांना विचार, सकाळच्या पिठल्यात मीठ होतं का.” आम्ही सांगू शकलो नाही. मीठ घालायचे ती विसरली होती. आम्ही दोन भाकरी खाऊन उठलो होतो!

तेव्हापासून पहिला घास आम्ही बोलत नाही, वाचत नाही. मिठाचे बरोबर सांगता येऊ लागले आहे. फार मोठी साधना आहे असे नव्हे, पण चाळीस वर्षे जे पिठले खाल्ले ते आता कळते आहे.

तिचे पाहाल तर दृष्टी कमी झाल्यापासून ती जोंधळे हातानेच निवडते. खडा बोटाला लागतो म्हणते. भाकरी तव्यावरून उतरवायची वेळ तिला वासावरून कळते. तिला दुःख नाही असे आम्ही लिहिणार नाही. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून ती रडलेली आम्ही पाहिली आहे.

समर्थांची एक पुढची कथा सांगतात. चोवीस वर्षांनी ते जांबेला परत आले, तोवर वाट पाहून राणूबाईंची, म्हणजे त्यांच्या मातोश्रींची, दृष्टी गेली होती. समर्थांनी हात फिरवला आणि ती परत आली. गोरोबांचे मूल परत मिळाले, राणूबाईंचे डोळे परत मिळाले. संतांच्या चरित्रात असे घडते. आमच्या हाती डॉक्टरांनी थेंबांची एक बारीक कुपी दिली.

सकाळी आणि रात्री, ठरल्या वेळी, उरलेल्या डोळ्यासाठी. तिला स्वतःला ते नीट जमत नाही, म्हणून आम्ही घालतो. पहिले काही दिवस थेंब गालावर पडत. ती म्हणे, “अहो, चित्त कुठंय?” आणि खरोखर ते कुठे तरी असे. खालची पापणी हलकेच ओढायची, कुपी डोळ्याला लागू द्यायची नाही, हात कपाळाला टेकवून स्थिर करायचा आणि एकच थेंब सोडायचा. तेवढ्या क्षणात मन दुसरीकडे गेले तर थेंब वाया जातो. पाठशाळेत, कीर्तनात, कुठेही आम्हांला इतका कडक गुरू भेटला नव्हता. मग तिने डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे हलका दाबून धरायचा. तेवढा वेळ दोघे मिळून नाम घेतो. मोठ्याने नाही, पुटपुटत.

काल रात्री थेंब घातला. बाहेर बाभळीवर पिंगळा बोलत होता. डोळे मिटलेलेच ठेवून तिने विचारले, “ऐकलंत का?” आम्ही ऐकला होता.